डोस कॅलिब्रेटरवरचा पहिला महिना: आकडा, बटण आणि घड्याळ

हॉट लॅबमध्ये, म्हणजे रुग्णाला टोचायची किरणोत्सारी औषधं भरतात त्या खोलीत, नवीन आलेल्या कुणालाही मी पहिल्या दिवशी सिरिंजला हात लावू देत नाही. एक वही देतो आणि सांगतो: भिंतीवरचं घड्याळ, डोस कॅलिब्रेटरवरचं (सिरिंजमधला किरणोत्सार मोजणारं यंत्र), इंजेक्शन देतात त्या खोलीतलं आणि स्कॅनरच्या संगणकावरचं, या चारही घड्याळांत आत्ता किती वाजलेत ते बघून लिहून आण. बहुतेक जण हसत जातात. परत येतात तेव्हा वहीत चार वेगवेगळ्या वेळा असतात.

हा खेळ नाही. आपण जे मोजतो ते मोजता मोजताच सरत असतं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं सरायला लागणारा वेळ, सुमारे ११० मिनिटं. दहा मिनिटं गप्पांत गेली तर ६ टक्के माल संपला. गॅलियम-६८ चं ६८ मिनिटं, तिथे तेवढ्याच गप्पांना जवळपास १० टक्के लागतात. कार्बन-११ चं २०.४ मिनिटं, म्हणजे एका मिनिटाला ३ टक्क्यांहून जास्त. ऑक्सिजन-१५ चं तर जेमतेम १२२ सेकंद. पेनचं टोपण काढेपर्यंत दहा सेकंद गेले की ५ टक्क्यांहून जास्त गायब. त्यांच्या तुलनेत टेक्नेशियम-९९एम सहा तासांचं, म्हणजे सावकाश प्रकृतीचं, पण तेही तासाभरात ११ टक्के उतरतं. त्यामुळे कुणी मला ‘३८५ मेगाबेकरेल’ असं सांगितलं की माझा उलट प्रश्न ठरलेला असतो: किती वाजताचे?

एककांचं एवढंच लक्षात ठेवा. सेकंदाला किती अणूंचं विघटन होतं ती सक्रियता, आणि सेकंदाला एक विघटन म्हणजे एक बेकरेल. ३७ मेगाबेकरेल म्हणजे एक मिलिक्युरी. फॉर्मवर मेगाबेकरेल असतं, पण जुनी मंडळी तोंडाने मिलिक्युरीतच बोलतात. ‘दहा भर’ म्हणाले तर ३७० भरायचे आहेत. ज्या एककात ऐकलं ते एकक मोठ्याने बोलून पक्कं करून घ्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

यंत्राला काय कळतं, काय कळत नाही

डोस कॅलिब्रेटर म्हणजे मधे विहिरीसारखी पोकळी असलेली बंद टाकी. टाकीत दाबाखाली भरलेला वायू असतो, बहुतेक यंत्रांत आर्गॉन. विहिरीत ठेवलेल्या सिरिंजमधून निघालेली किरणं त्या वायूतून जाताना त्याचं आयनीकरण करतात. टाकीतल्या विद्युतदाबामुळे आयन दोन बाजूंना ओढले जातात आणि अगदी बारीक विद्युतप्रवाह वाहतो. यंत्र मोजतं तो हा प्रवाह. बेकरेल वगैरे त्याला काही दिसत नाही.

प्रवाहाचे बेकरेल होतात ते तुम्ही दाबलेल्या बटणामुळे. प्रत्येक समस्थानिकाच्या किरणांची ऊर्जा आणि संख्या वेगळी, त्यामुळे तेवढ्याच बेकरेलला मिळणारा प्रवाहही वेगळा. प्रत्येकाचा गुणक यंत्रात भरून ठेवलेला असतो आणि बटण दाबलं की तो लागू होतो. आत खरोखर काय ठेवलंय हे यंत्राला ओळखता येत नाही. तुम्ही सांगाल त्यावर ते डोळे मिटून विश्वास ठेवतं.

याची मी घेतलेली शिकवणी सांगतो. नोकरीचा दुसरा महिना होता. सकाळभर टेक्नेशियमचे डोस काढून झाले होते आणि लगेच फ्लोरिनचा एक डोस भरायचा होता. हवे होते ३७०. सिरिंज विहिरीत सोडली तर पडद्यावर बाराशेच्या आसपास आकडा. मला वाटलं, हात जड झाला, जास्त ओढलं. निम्म्याहून जास्त द्रव परत व्हायलमध्ये (औषधाच्या बाटलीत) सोडला, पुन्हा मोजलं, पुन्हा सोडला. शेवटी ३७० दिसले तेव्हा सिरिंजमध्ये द्रव इतका थोडा उरला होता की मला स्वतःलाच शंका आली. मागे उभ्या असलेल्या सीनियर ताई एवढंच म्हणाल्या, ‘बटण बघ.’ बटण टेक्नेशियमवरच होतं. एका बेकरेलमागे फ्लोरिन-१८ टेक्नेशियमच्या साधारण तिप्पट प्रवाह देतो, कारण त्याच्या जवळपास प्रत्येक विघटनातून ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन फोटॉन निघतात. टेक्नेशियमचा फोटॉन १४० चा, आणि तोही शंभरातल्या ८९ विघटनांत. रुग्णाला एक तृतीयांश डोस गेला असता.

तेव्हापासून सिरिंज विहिरीत सोडण्याआधी मी बटणाचं नाव पुटपुटतो.

सकाळी, पहिल्या डोसच्या आधी

आधी स्वतःचं आवरा. अंगावरचा बॅज, बोटातला टीएलडी, म्हणजे हाताला मिळालेला किरणोत्सार नोंदवणारी अंगठी (हातमोज्याच्या आत, ज्या हाताने जास्त काम करता त्या हातात, मोजणारी बाजू तळहाताकडे), हातमोजे. काम एल-ब्लॉकच्या, म्हणजे टेबलावरच्या शिशाच्या आडोशाच्या, मागे बसूनच. टेक्नेशियमची किरणं निम्मी करायला शिशाचा साधारण ०.३ मिलिमीटर थर पुरतो, ५११ च्या फोटॉनना साधारण ४ मिलिमीटर लागतात. टेक्नेशियमची सिरिंज-शील्ड (सिरिंजवर चढवायचं जड कवच) फ्लोरिनला का चालत नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मग विहीर रिकामी ठेवून बॅकग्राउंड, म्हणजे आत काहीच नसताना दिसणारा आकडा, बघा. तो आकडा रोजच्यासारखा असायला हवा. जास्त आला तर लगेच ‘झीरो’ करून मोकळे होऊ नका, आधी कारण शोधा. शेजारी कचऱ्याची पिशवी ठेवलीय का? कालची व्हायल शिशाच्या भांड्याबाहेर राहिलीय का? दाराबाहेर इंजेक्शन दिलेला रुग्ण बसलाय का? यांपैकी काहीच नसेल तर विहिरीतली प्लॅस्टिकची लायनर आणि सिरिंज टांगायचा डिपर बाहेर काढून पुन्हा बघा. आकडा उतरला तर त्यांच्यावर थेंब सांडलाय. लायनर असतेच त्यासाठी: डाग तिच्यावर पडावा, टाकीवर नको. ती धुता येते, बदलता येते. लायनरशिवाय मोजणारा माणूस मी एकदाच पाहिला आहे, आणि ते यंत्र नंतर बरेच दिवस कुणाला वापरता आलं नाही.

यानंतर रोजची कसोटी. बहुतेक लॅबमध्ये सीझियम-१३७ चा एक सीलबंद स्रोत असतो. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणून तो सोयीचा. तो विहिरीत ठेवायचा, सीझियमच्या बटणावर वाचायचा आणि आजच्या तारखेला जेवढा असायला हवा त्याच्याशी ताडून बघायचा. समजा प्रमाणपत्रावर ७.४० मेगाबेकरेल लिहिलंय आणि त्याला पाच वर्षं झाली, तर आज ६.५९ दिसायला हवेत. वर्षाला २.३ टक्के घट धरा. नवशिके इथे हमखास प्रमाणपत्रावरचाच आकडा अपेक्षित धरून बसतात आणि यंत्र बिघडलं म्हणून आरोळी ठोकतात.

स्रोत आत असतानाच दिवसभरात लागणारी बाकीची बटणंही दाबून बघा. टेक्नेशियमच्या बटणावर सीझियम ठेवलं तर येणारा आकडा टेक्नेशियमचा नसतोच, पण तो रोज तोच (किंवा घटीप्रमाणे किंचित कमी) यायला हवा. एखाद्या बटणाचा गुणक कुणी चुकून बदलला असेल तर तो इथेच पकडला जातो. फरक ५ टक्क्यांच्या पुढे गेला तर बहुतेक विभागांत काम थांबवून वरिष्ठांना सांगतात. काही नियमांत ही मर्यादा १० आहे. तुमच्याकडे कोणती, ते किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याला पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

आणि रोजचा आकडा फक्त ‘ठीक’ म्हणून टिक मारू नका, आलेखावर टिंब द्या. टाकी सीलबंद असल्यामुळे हवेच्या दाबाचा किंवा तापमानाचा तिच्यावर परिणाम व्हायला नको. वायू हळूहळू गळत असेल तर रोजचं टिंब मर्यादेतच राहतं, पण महिनाभराची रांग मात्र उताराला लागलेली दिसते.

प्रत्यक्ष मोजणी

सिरिंज भरली. टोपी घट्ट बसली आहे ना बघितलं. आता सिरिंज-शील्ड काढा. हे वेगळं लिहावं लागतंय, कारण शील्डसकट सिरिंज विहिरीत सोडणारा एक तरी जण दर बॅचला निघतो. शिसं किंवा टंगस्टन मधे असलं की यंत्राला जेवढं बाहेर येईल तेवढंच दिसणार. शील्ड काढून सिरिंज चिमट्याने डिपरमध्ये ठेवा, डिपर तळापर्यंत टेकवा. अर्धवट लटकत ठेवलेल्या सिरिंजची बरीच किरणं वरच्या तोंडातून निसटतात आणि आकडा कमी येतो.

आकडा स्थिर व्हायला वेळ द्या. सक्रियता भरपूर असेल तर दोन-चार सेकंद पुरतात. अगदी कमी असेल, उदाहरणार्थ रिकाम्या सिरिंजमधला उरलेला अंश, तर प्रवाहच इतका बारीक असतो की आकडा बराच वेळ वरखाली होत राहतो. घाई करू नका.

ऑक्सिजन-१५ किंवा रुबिडियम-८२ (अर्धायुष्य ७५ सेकंद) यांच्या बाबतीत उलटी अडचण. आकडा कधी स्थिर होतच नाही, बघता बघता उतरत जातो. तिथे आधी सेकंद ठरवायचा: ‘१०:२४:३०’. नजर घड्याळावर ठेवायची आणि तो सेकंद आला की पडद्यावर असेल तो आकडा घ्यायचा. आधी आकडा बघून मग घड्याळाकडे मान वळवली तर तेवढ्या वेळाचा हिशेब कुठेच लागत नाही.

आकडा, समस्थानिक, बटण, वेळ. चारही एकाच ओळीत, तिथल्या तिथे लिहा. ‘नंतर लिहीन’ म्हणणाऱ्याला नंतर वेळ आठवत नाही, आणि तो अंदाजाने शून्यावर किंवा पाचवर संपणारी मिनिटं लिहितो. एखाद्या वहीत सगळ्या वेळा ९:०५, ९:१०, ९:१५ अशा दिसल्या की मी समजून जातो.

हिशेब: पुढे जायचं की मागे

सूत्र एकच. उरलेली सक्रियता = सुरुवातीची × २ चा ऋण घात, आणि तो घात म्हणजे गेलेला वेळ भागिले अर्धायुष्य. बहुतेक यंत्रं हे स्वतः करतात. तरी पहिला महिना कागदावर करा, म्हणजे यंत्राने चुकीचं काही दाखवलं तर खटकेल.

चूक सहसा सूत्रात होत नाही, दिशेत होते. उदाहरण घेऊ. इंजेक्शन १०:३० ला, तेव्हा फ्लोरिन-१८ चे ३७० मेगाबेकरेल हवेत. तुम्ही भरताय ९:५० ला. मधली चाळीस मिनिटं, त्यात ०.७७७ हिस्सा उरतो. मग आत्ता किती भरायचं? ३७० ला ०.७७७ ने भागायचं: ४७६. गुणलंत तर २८७ येतील आणि रुग्णाला २२३ च जातील. मी मुलांना पाठ करून ठेवायला सांगतो की वेळेत मागे गेलं की आकडा मोठा. ९:५० हे १०:३० च्या मागे आहे, म्हणून ३७० पेक्षा मोठाच आकडा यायला हवा. आधी मोठा की छोटा ते ठरवा आणि मगच बटणं दाबा.

आता खरी कसोटी, सिरिंजमध्ये उरलेल्या अंशाची. सिरिंज १०:०२ ला मोजली, ३८५ मेगाबेकरेल. इंजेक्शन १०:०९ ला झालं. रिकामी सिरिंज परत आणून १०:१४ ला मोजली, १२ मेगाबेकरेल. रुग्णाच्या शरीरात किती गेले?

३८५ वजा १२, म्हणजे ३७३. बरेच जण इथेच थांबतात. पण हे दोन आकडे बारा मिनिटांच्या अंतराचे आहेत, त्यांची वजाबाकी म्हणजे कालच्या शिलकीतून आजचा खर्च वजा करण्यासारखं. दोन्ही आकडे इंजेक्शनच्या क्षणाला आणा. ३८५ सात मिनिटं पुढे नेले की ३६८.४ होतात. १२ पाच मिनिटं मागे नेले की १२.४. वजाबाकी ३५६. आधीच्या उत्तरापेक्षा १७ मेगाबेकरेल कमी, म्हणजे जवळपास ५ टक्क्यांचा फरक. पेट स्कॅनवर गाठीने किती ग्लुकोज घेतलं हे सांगणारा एसयूव्ही नावाचा आकडा याच संख्येने भागून काढतात. इथली चूक तशीच्या तशी तिथे जाते. उपचाराचा परिणाम झाला का, हे डॉक्टर दोन स्कॅनमधल्या एसयूव्हीची तुलना करून ठरवत असतील, तर हा फरक त्यांना गाठीतला बदल म्हणून दिसू शकतो.

आणि आता पहिल्या दिवसाची ती चार घड्याळं आठवा. कॅलिब्रेटरचं घड्याळ स्कॅनरपेक्षा सात मिनिटं पुढे-मागे असेल तर वरचा सगळा काटेकोर हिशेब करूनही साडेचार टक्क्यांची चूक आत शिरते, आणि ती कुणाच्याही हाताची नसते, त्यामुळे सापडतही नाही. घड्याळं रोज जुळवा. उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांत घड्याळ बदलण्याच्या दिवशी तर दोनदा बघा. एखादं यंत्र आपोआप बदलतं, एखादं नाही.

तीन महिन्यांनी, वर्षाने

ही कामं पहिल्या महिन्यात तुमच्या गळ्यात पडणार नाहीत, पण कुणी करत असेल तर शेजारी उभे राहा.

लिनिअॅरिटी म्हणजे यंत्र मोठे आणि छोटे आकडे सारख्याच इमानाने वाचतं का ते बघणं. लॅबमध्ये वापरतात तेवढं जास्तीत जास्त टेक्नेशियम घ्यायचं आणि ते सरेपर्यंत वेळोवेळी वाचत राहायचं. २० गिगाबेकरेलने सुरुवात केली तर २४ तासांनी सव्वा गिगाबेकरेल, ४८ तासांनी ७९ मेगाबेकरेल, ७२ तासांनी ५ मेगाबेकरेल दिसायला हवेत. लॉग-कागदावर सरळ रेघ यायला हवी. शेवटी रेघेची शेपटी वर वळली तर यंत्रावर आरोप करण्याआधी मॉलिब्डेनमचा, म्हणजे टेक्नेशियम ज्यापासून बनतं त्या मूळ द्रव्याचा, संशय घ्या. टेक्नेशियम सरल्यावर मागे उरतं ते तेच. ज्यांना तीन दिवस थांबायचं नाही ते वेगवेगळ्या जाडीच्या शिशाच्या नळ्या वापरून हीच तपासणी थोड्या वेळात उरकतात.

भांड्याचा आकारही आकडा बदलतो. तीच सक्रियता एक मिलीत, पाच मिलीत, काचेच्या व्हायलमध्ये, प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये ठेवून बघा. टेक्नेशियम आणि फ्लोरिन यांत फार गोंधळ घालत नाहीत. आयोडीन-१२३ आणि इंडियम-१११ मात्र घालतात. त्यांच्यातून गॅमाखेरीज २५-३० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या घरातली मऊ क्ष-किरणंही निघतात. ती प्लॅस्टिकमधून आरपार जातात आणि काचेत बरीचशी अडतात. व्हायलसाठी ठरवलेल्या गुणकाने सिरिंज मोजली की आकडा फुगतो. उपाय दोन: भांड्यागणिक वेगळा गुणक ठरवणं, नाहीतर विहिरीत तांब्याची नळी बसवून ती मऊ किरणं सरसकट अडवून टाकणं.

आपल्या यंत्राचा गुणक शेवटी कुणाच्या तरी प्रमाणाशी जुळवलेला असतो. पॅरिसजवळच्या सेव्र इथे, आंतरराष्ट्रीय वजन-माप ब्युरोत, १९७६ पासून एक संदर्भ प्रणाली चालते. देशोदेशीच्या प्रयोगशाळा आपण मोजलेले नमुने तिथे पाठवतात आणि सगळ्यांची मापं एकाच ठिकाणी ताडली जातात. टेक्नेशियम किंवा फ्लोरिन मात्र तिथे पोचेपर्यंत उरणार नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी ब्युरोने एक फिरतं यंत्र तयार केलं, आणि नमुन्याऐवजी तेच प्रयोगशाळांकडे प्रवासाला जातं.

जनरेटरची धार

टेक्नेशियम येतं ते मॉलिब्डेनम-९९ पासून, ज्याचं अर्धायुष्य ६६ तास. जनरेटर नावाच्या उपकरणातल्या स्तंभात बसलेल्या मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम बनत राहतं आणि आपण सलाइन सोडून ते धुऊन काढतो. या कामाला दूध काढण्याची उपमा जगभर रूढ आहे. आपल्याकडेही ‘सकाळची धार काढली का’ असं विचारणारे भेटतील.

धारेत मॉलिब्डेनम आलंय का हे मोजलंच पाहिजे, कारण ते रुग्णाला विनाकारण किरणोत्सार देतं. पद्धत सोपी आहे. आधी व्हायल उघडी ठेवून टेक्नेशियम मोजा. मग तीच व्हायल जाड शिशाच्या खास डब्यात घालून मॉलिब्डेनमच्या सेटिंगवर मोजा. टेक्नेशियमचे १४० चे फोटॉन शिशात जवळपास सगळे अडतात, मॉलिब्डेनमचे ७३९ चे बऱ्यापैकी बाहेर येतात. डब्यासाठीचा गुणक लावला की मॉलिब्डेनम मिळतं. (रिकामा डबा ठेवून बॅकग्राउंड आधी घ्या, छोट्या आकड्यात त्याचा वाटा मोठा असतो.)

अमेरिकी नियमात मर्यादा एका मेगाबेकरेल टेक्नेशियममागे ०.१५ किलोबेकरेल मॉलिब्डेनम, युरोपीय औषधकोशात १ किलोबेकरेल. गंमत पुढे आहे. टेक्नेशियम भराभर सरतं, मॉलिब्डेनम हळू, त्यामुळे गुणोत्तर दिवसभर वाढत जातं. सकाळी आठला ०.०८ असलेली धार दुपारी दोनला ०.१५ वर येते. कुणी काही न करता. अमेरिकी मर्यादा आहे ती रुग्णाला डोस देतानाची; सकाळी पास झालेली व्हायल दुपारीही पास असेल असं धरून चालू नका.

गॅलियम-६८ च्या जनरेटरमध्ये आई जर्मेनियम-६८ असते, अर्धायुष्य २७१ दिवस. इथे शिशाच्या डब्याची युक्ती चालत नाही. जर्मेनियमची स्वतःची मोजण्याजोगी गॅमा नसते, जी दिसते ती त्याच्यापासून बनलेल्या गॅलियमचीच. म्हणून नमुना निदान ४८ तास तसाच ठेवतात. तेवढ्यात धारेतल्या गॅलियमची बेचाळीस अर्धायुष्यं उलटतात आणि ते संपतं; त्यानंतरही जे गॅलियम दिसेल ते जर्मेनियमने नव्याने बनवलेलं. युरोपीय औषधकोशात मर्यादा ०.००१ टक्का. आज वापरलेल्या धारेचा निकाल परवा लागतो, म्हणून ही तपासणी त्या डोसची नसून जनरेटरच्या तब्येतीची समजायची. नमुन्याच्या व्हायलवर तारीख आणि वेळ लिहा, ती शिशामागे ठेवा आणि ‘टाकू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावा. दोन दिवसांनी मीटरला रिकामी वाटणारी व्हायल साफसफाईत सगळ्यांत आधी जाते.